सत्त्याहत्तराव्या मिनिटाला

६ फेब्रुवारी २०१६, शनिवार. लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्ड मैदानावर दुपारी तीनला सुरू झालेला सामना यजमानांच्या खिशात पडल्यात जमा होता. समोर संडरलँड, गुणतक्त्याच्या तळाशी गटांगळ्या खाणारा संघ. ५९व्या मिनिटाला फर्मिनोचा गोल, ७०व्याला लालानाचा. दोन-शून्य. अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेमुळे प्रशिक्षक युर्गन क्लॉप मैदानावर नव्हते, पण त्यांच्यावाचून काही अडलेलं दिसत नव्हतं. आपल्याकडे रात्रीचे दहा नुकतेच वाजून गेले असतील, तेव्हा तिथलं घड्याळ ७७व्या मिनिटावर आलं आणि माणसं उठायला लागली. आधी इकडेतिकडे दोघं-चौघं, मग रांगाच्या रांगा. संघ जिंकत असताना, तेरा मिनिटं बाकी असताना, वर्षानुवर्षं त्याच खुर्चीवर बसणारी माणसं पाठ फिरवून जिने उतरू लागली. बातम्यांमध्ये आकडा आला दहा हजारांच्या आसपासचा. जाता जाता मालकांना उद्देशून त्यांनी एका सुरात जी घोषणा दिली, तिच्यातला ‘हावरट’ एवढाच शब्द इथे छापता येईल.

मागे लाल खुर्च्या उघड्या पडल्या. ८२व्या मिनिटाला संडरलँडने एक गोल केला, ८९व्याला डिफोने दुसरा. बरोबरी. प्रेक्षक गेले म्हणून गोल बसले असं शपथेवर कोणी सांगणार नाही. पण त्या शहरात आजही ही गोष्ट सांगताना लोक या जागी क्षणभर थांबतात.

मिनिट ७७वंच का, तर पुढच्या हंगामात नव्याने वाढवलेल्या मेन स्टँडमधलं सगळ्यांत महाग तिकीट ७७ पौंडांचं होणार होतं. तेव्हाच्या दराने साडेसात हजार रुपये, एका सामन्याचे, एका माणसाचे. तोवर सर्वांत वरचा दर ५९ पौंड होता. हंगामी पासही पहिल्यांदाच हजार पौंडांच्या वर जाणार होता. चारच दिवसांत मालकांनी माघार घेतली. बोस्टनच्या फेनवे स्पोर्ट्स ग्रुपने जाहीर पत्र लिहून माफी मागितली, ७७चा आकडा मागे घेतला आणि वरचा दर ५९वरच गोठवला.

गंमत अशी, की ७७ पौंडांच्या जागा मोजक्याच होत्या, आणि त्याही मोठ्या सामन्यांपुरत्या. त्याच दरपत्रकात काही तिकिटं नऊ पौंडांचीही होती. उठून गेलेल्यांपैकी बहुतेकांना ते ७७ पौंड कधी मोजावेच लागले नसते. मग एवढा राग कशाचा? मालक मंडळींनाही आधी हेच कोडं पडलं असणार. या कोड्याचं उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागतं.

अ‍ॅनफिल्डच्या एका गोलमागच्या स्टँडला ‘कॉप’ म्हणतात. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात जानेवारी १९००मध्ये स्पियन कॉप नावाच्या टेकडीवर इंग्रजांचा सपाटून पराभव झाला, त्यात लँकशायर भागातले, लिव्हरपूलकडचे बरेच सैनिक पडले. १९०६ साली मैदानात मातीचा उंच उतार रचून प्रेक्षकांसाठी जागा केली, तेव्हा तिला त्या टेकडीचं नाव मिळालं. (त्याच टेकडीवरून जखमींना डोलीवर घालून खाली आणणाऱ्या हिंदी पथकात मोहनदास गांधी नावाचे एक तरुण बॅरिस्टर होते. फुटबॉल बघताना हे आठवलं की उगाच बरं वाटतं.) कॉपवर खुर्च्या नव्हत्या. पायऱ्यांवर खांद्याला खांदा लावून उभं राहायचं. एके काळी तिथे पंचवीस-अठ्ठावीस हजार माणसं मावत. गोदीतले कामगार, त्यांची पोरं, शाळा बुडवून आलेले, सगळे उभ्याच्या तिकिटावर. ते तिकीट आठवड्याच्या पगारातून सहज निघायचं. फुटबॉलची सगळी गाणी, सगळा आरडाओरडा जन्मला तो या उभ्याच्या जागांवर.

१५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर एफए कपचा उपांत्य सामना होता, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. लोखंडी कुंपणाने बंद केलेल्या उभ्याच्या कप्प्यांत गर्दी लोटली गेली आणि माणसं चेंगरली. मृतांचा आकडा शेवटी ९७वर गेला. सत्त्याण्णवावा माणूस बत्तीस वर्षं त्या दुखापती अंगावर वागवून २०२१ साली गेला. चौकशीला बसले न्यायमूर्ती टेलर. जानेवारी १९९०मध्ये त्यांचा अंतिम अहवाल आला: मोठ्या मैदानांवरच्या उभ्याच्या जागा बंद करा, प्रत्येकाला खुर्ची द्या.

अहवालाचा एवढाच भाग सगळ्यांच्या लक्षात राहिला. टेलर यांना दुसरी गोष्टही दिसत होती: खुर्च्या आल्या की दर वाढवायला निमित्त मिळेल. म्हणून त्यांनी लिहून ठेवलं, की आज जो उभा राहून बघतो त्याच्या खिशाला परवडेल अशा खुर्च्या ठेवणं शक्य आहे. उदाहरण दिलं ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाचं. तिथे उभ्याचं तिकीट चार पौंड, बसायचं सहा. महागाईचा हिशेब धरला, तर १९९०चे सहा पौंड २०१६ साली साडेबारा-तेराच्या घरात जातात. अ‍ॅनफिल्डवर तेव्हा वाद चालला होता तो ७७चा. न्यायमूर्तींची खुर्ची क्लबांनी घेतली, त्यांचा दर मात्र अहवालातच राहिला.

३० एप्रिल १९९४ला कॉपवर लोक शेवटचे उभे राहिले. नंतर तिथे बारा हजारांहून थोड्या जास्त खुर्च्या बसल्या. एके काळच्या गर्दीतली अर्ध्याहून अधिक माणसं कमी झाली आणि उरलेल्यांकडून जास्त पैसे घ्यायची सोय झाली. १९९२मध्येच पहिल्या श्रेणीतल्या क्लबांनी वेगळी चूल मांडून प्रीमियर लीग काढली होती. उपग्रह वाहिन्यांचा पैसा आता थेट त्यांच्या घरात येऊ लागला.

इथे बाजाराचा एक नियम समजून घ्यायला हवा, कारण क्लबचे हिशेबनीस त्याच नियमावर जगतात. साबण महागला की आपण दुसरा घेतो. रिक्षा महागली की बसने जातो. बारावीच्या अर्थशास्त्रात अलवचीक मागणीचं उदाहरण म्हणून मीठ असायचं. कितीही महागलं तरी तेवढंच लागतं. फुटबॉलचा पाठीराखा मिठाच्याही पुढचा आहे. क्लब हे त्याचं कुलदैवत असतं. जेजुरीला जाणारा माणूस एसटीचं भाडं वाढलं म्हणून यंदा दुसऱ्या देवाला जाऊ असं म्हणत नाही. फार तर डबा घरून नेतो आणि मुक्काम टाळतो. लिव्हरपूलचं तिकीट परवडत नाही म्हणून शहरातल्याच एव्हर्टनच्या मैदानावर जाऊन बसणारा माणूस त्या शहरात अजून जन्माला यायचाय. गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाणारच नसेल, तर दर वाढवताना दुकानदाराला कसली भीती? त्यातून हंगामी पाससाठी नावं लावून वर्षानुवर्षं थांबलेले लोक. एकाने सोडला की दुसरा घ्यायला तयार.

असं असूनही अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना फार काळ एक चक्रावणारी गोष्ट दिसत आली आहे: क्लब जेवढे पैसे काढू शकले असते तेवढे ते तिकिटातून काढत नसत. हात थोडा आखडता घेत. भरलेलं, गर्जणारं मैदान ही स्वतःच एक मालमत्ता आहे हे त्यांना कुठेतरी ठाऊक होतं. भांडण सुरू झालं ते हा आखडता हात सैल पडल्यावर.

आणि पैशाची अडचण म्हणावी, तर तीही नव्हती. २०१६च्या ऑगस्टपासून तीन हंगामांसाठी ब्रिटनमधल्या प्रक्षेपणाचे हक्क ५१३ कोटी ६० लाख पौंडांना विकले गेले होते. आधीच्या करारापेक्षा सुमारे ७० टक्के जास्त. वाढलेली रक्कम वर्षाला वाटली तर ७० कोटी पौंड होते. सगळ्या वीस क्लबांचं मिळून मैदानावरचं उत्पन्न तेव्हा वर्षाला साठ कोटींच्या आसपास होतं. म्हणजे नुसत्या वाढीव टीव्हीच्या पैशात हंगामभर सगळ्यांना फुकट आत सोडलं असतं, तरी वर काही उरलं असतं. अ‍ॅनफिल्डवरून उठलेल्यांना हा हिशेब पाठ होता. रागाचं खरं मूळ इथे होतं: गरज नसताना मागितलं.

मग हा पैसा जातो कुठे? मालकांच्या खिशात जातो असं म्हणणं सोपं आहे, पण पुरतं खरं नाही. बरेचसे क्लब तोट्यातच असतात. पैसा जातो खेळाडूंच्या पगारात आणि खरेदीत. शेजाऱ्याने लग्नात हत्ती आणला म्हणून आपण दोन आणायचे, अशातली ती चढाओढ आहे. एका क्लबला जास्त मिळालं, तर तो चांगला खेळाडू घेतो. सगळ्यांनाच जास्त मिळालं, तर तोच खेळाडू महाग होतो. २०२५-२६च्या हंगामापर्यंत लीगचा नियम असा होता, की तीन वर्षांत मिळून साडेदहा कोटी पौंडांपेक्षा जास्त तोटा दाखवता येत नसे. त्यामुळे कमाईचा प्रत्येक जादा पौंड म्हणजे खर्चाची परवानगी. दर वाढवताना क्लब या नियमाकडेच बोट दाखवत. पण २०२२-२३ या हंगामात प्रीमियर लीगच्या क्लबांची एकूण उलाढाल ६१० कोटी पौंडांची होती आणि त्यात मैदानावरचा वाटा ८७ कोटींच्या आतबाहेर, सात रुपयांतला एक. त्या रुपयातही मोठा भाग काचेमागे बसून जेवत सामना बघणाऱ्या बड्या पाहुण्यांचा. कॉपवरच्या माणसाकडून आणखी चार पौंड काढून क्लबचं नशीब फिरत नाही. त्या माणसाच्या महिन्याचं मात्र फिरतं.

सगळ्यांत वाईट अवस्था होती पाहुण्या संघाबरोबर फिरणाऱ्यांची. प्रवास पदरचा, रजा पदरची, आणि यजमान क्लब सांगेल तो दर. जानेवारी २०१३मध्ये मँचेस्टर सिटीचे लोक लंडनला आर्सेनलच्या मैदानावर आले, तेव्हा तिकीट होतं ६२ पौंड. सिटीला मिळालेल्या तीन हजार तिकिटांपैकी नऊशेहून अधिक परत गेली. आलेल्यांनी दराचा आकडा मोठ्या अक्षरांत लिहिलेला फलक धरला. सामना संपल्यावर सिटीचे विजयी खेळाडू हस्तांदोलन करत निघाले, तर लाइन्समनने त्यांना हटकलं: ते तिकडे बासष्ट पौंड भरून आलेत, जाऊन भेटा त्यांना. कॅमेऱ्याने ते टिपलं. रेषेवर झेंडा घेऊन पळणाऱ्या माणसाला दिसलेली गोष्ट लीगच्या कार्यालयात दिसायला आणखी तीन वर्षं लागली. ‘वीस पुरेत’ अशी मोहीम पाठीराख्यांच्या संघटनेने देशभर चालवली. अ‍ॅनफिल्डचा प्रकार झाला आणि महिन्याभरातच, मार्च २०१६मध्ये, वीस क्लबांनी मिळून ठरवलं, की पाहुण्यांच्या तिकिटाला ३० पौंडांची कमाल मर्यादा. वीस मागितले, तीस मिळाले. पण ही मर्यादा पुढे वाढत्या महागाईतही टिकून राहिली, हेही कमी नव्हे.

घरच्या मैदानाला मात्र अशी कोणतीच मर्यादा नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये मँचेस्टर युनायटेडने ऐन हंगामात जाहीर केलं, की सदस्यांसाठी उरलेली सगळी तिकिटं यापुढे ६६ पौंडांना. लहान मुलांना सवलत नाही, म्हाताऱ्यांना नाही. तोवर मोठ्यांना ४० पौंडांपासून आणि मुलांना २५पासून तिकीट मिळे. दोन पोरांना घेऊन जाणारा बाप आदल्या आठवड्यापर्यंत ९० पौंडांत जाऊन येत होता, त्याला आता १९८ लागणार होते. रुपयांत एकवीस हजार. जाण्यायेण्याचं भाडं वेगळं, पोरांनी वाटेत मागितलेलं वेगळं. क्लबचे नवे भागीदार सर जिम रॅटक्लिफ यांचं म्हणणं असं, की युनायटेडचं तिकीट फुलहॅमच्या तिकिटापेक्षा स्वस्त असण्यात काही अर्थ नाही. फुलहॅमचं मैदान लंडनमध्ये, थेम्सच्या काठावर. आणि दरांवरून तिथले पाठीराखे आधीच संतापलेले. म्हणजे महागाईचं समर्थन म्हणून दुसऱ्याची महागाई. त्याच हंगामात प्रशिक्षक, त्यांचे सहकारी आणि नुकतेच आणलेले क्रीडा संचालक यांना घरी पाठवण्यावर याच क्लबने १ कोटी ४५ लाख पौंड खर्च केले. हा आकडा जाहीर झाल्यावर ६६ पौंडांची चर्चा कोणत्या भाषेत झाली असेल, ते वेगळं सांगायला नको.

मुलांची सवलत काढणं हा मला यातला सगळ्यांत आंधळा निर्णय वाटतो. कुलदैवत वारशाने येतं. बापाच्या खांद्यावर बसून पाहिलेला पहिला सामना पुढची साठ वर्षं तिकीट काढायला लावतो. ती साठ वर्षं एका हंगामाच्या ताळेबंदात दिसत नाहीत, एवढंच.

आता थोडं आपल्याबद्दल. या भांडणात आपण नकळत क्लबच्या बाजूला उभे आहोत. माझा भाचा कामानिमित्त लंडनला होता. पोराने लहानपणापासून ज्या क्लबचे सामने रात्री जागून पाहिले, त्याचं मैदान गाठायचंच होतं. साधं तिकीट मिळेना, म्हणून जेवणासकट मिळणारं घेतलं. आकडा त्याने आईला अजून सांगितलेला नाही. त्याच्या डावीकडे सोलहून आलेलं जोडपं, उजवीकडे सुट्टीवर आलेले दोन अमेरिकन. सगळ्यांच्या गळ्यात दोन्ही संघांची नावं अर्धी-अर्धी विणलेला स्कार्फ. तो स्कार्फ बघून तिथला जुना माणूस दात-ओठ खातो, कारण असा अर्धा-अर्धा कोणी नसतोच. पलीकडच्या कोपऱ्यातून गाणं सुरू झालं. ‘मामा, चाल आम्हाला सगळ्यांना माहीत होती, टीव्हीवर ऐकून. शब्द एकालाही येत नव्हते.’ मग त्यांनी फोन वर धरले आणि गाणाऱ्यांना चित्रित केलं.

क्लबच्या दृष्टीने माझा भाचा आदर्श गिऱ्हाईक. तो आयुष्यात एकदा येतो, दर विचारत नाही, जाताना दुकानातून दोन जर्सी घेऊन जातो. ज्या कोपऱ्यातून गाणं आलं तिथला म्हातारा वर्षाला एकोणीस वेळा येतो, सँडविच घरून आणतो आणि जर्सी पंधरा वर्षांपूर्वीची घालतो. हिशेबाने म्हाताऱ्याला उठवून भाच्याला बसवणं फायद्याचं. पण म्हातारा उठला, तर भाचा मैदानावर कशाला येईल? तो आलाय ते गाणं ऐकायला.

जर्मनीत हे गणित वेगळ्या पद्धतीने मांडतात. तिथे १९९८पासून नियम आहे, की क्लबच्या कंपनीत मतांचा निम्म्याहून एक जास्त वाटा सभासदांच्या संस्थेकडे हवा. त्याला ‘पन्नास अधिक एक’ म्हणतात. दोन-चार जुने अपवाद सोडले, तर कोणी धनाढ्य येऊन क्लब विकत घेऊ शकत नाही. डॉर्टमुंडच्या दक्षिणेकडच्या स्टँडवर आजही पंचवीस हजारांच्या आसपास माणसं उभी राहून सामना बघतात. पिवळ्या कपड्यांतली ती भिंत बघायला खुद्द इंग्लंडमधून लोक विमानाने जातात, कारण विमान धरूनही कधीकधी स्वस्त पडतं. बायर्न म्युनिकचे उली हनेस यांनी एकदा सरळ हिशेब सांगितला होता: उभ्याचा हंगामी पास आम्ही शंभराऐवजी तीनशे पौंडांना विकला, तर क्लबला वीस लाख जास्त मिळतील. एखाद्या खेळाडूच्या सौद्यात तेवढ्या रकमेवर आम्ही पाच मिनिटं घासाघीस करतो. पाठीराख्याला मात्र शंभर आणि तीनशेतला फरक फार मोठा असतो. तो काही दुभती गाय नाही.

तरी जर्मनीतही सगळं आलबेल नाही. अ‍ॅनफिल्डनंतर तीनच दिवसांनी, ९ फेब्रुवारी २०१६ला, डॉर्टमुंडचे पाठीराखे श्टुटगार्टच्या मैदानावर दर जास्त लावले म्हणून वीस मिनिटं उशिरा आत आले आणि त्यांनी मैदानात टेनिसच्या चेंडूंचा पाऊस पाडला. जर्मनमध्ये एखादी गोष्ट फारच भारी झाली की तिला ‘मोठं टेनिस’ म्हणतात. दर टेनिसचे लावता, तर टेनिसच घ्या. सामना थांबवून खेळाडूंना चेंडू वेचावे लागले. इंग्रजांनी पाठ फिरवली, जर्मनांनी विनोद केला. दोन्ही टीव्हीवर चांगले दिसले, आणि म्हणूनच चालले.

दूरचित्रवाणीच्या गिऱ्हाइकाला असं ‘नाही’ म्हणणं जास्त सोपं जातं. ऑक्टोबर २०२०मध्ये कोविडच्या साथीमुळे मैदानं बंद असताना प्रीमियर लीगने काही सामने घरबसल्या बघायला प्रत्येकी १४ पौंड ९५ पेन्स लावले. न्यूकॅसलच्या लोकांनी सुरुवात केली: सामना बघायचा नाही, तेवढे पैसे गावातल्या अन्नछत्राला द्यायचे. बाकीच्या गावांनी री ओढली आणि महिन्याभरात योजना गुंडाळावी लागली. मैदानावर मात्र ‘नाही’ म्हणायचं म्हणजे स्वतःलाच शिक्षा. २००५ साली ग्लेझर कुटुंबाने कर्ज काढून मँचेस्टर युनायटेड विकत घेतलं आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर ठेवलं, तेव्हा काही हजार पाठीराख्यांनी ती शिक्षाही स्वीकारली. त्यांनी ‘एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर’ नावाचा स्वतःचा क्लब काढला. एका सभासदाला एक मत, हंगामी पासचे ज्याला जमतील तेवढे पैसे. २०१५मध्ये त्यांनी स्वतःचं छोटं मैदानही उभं केलं. तो संघ खालच्या श्रेणीत खेळतो. असा संसार पुन्हा मांडणं सगळ्यांना जमणारं नाही.

आता तर दर छापील राहिलेला नाही. पावसात ओला-उबरचं भाडं जसं चढतं, तसं तिकीट मागणी बघून चढवायचं. २०२६च्या विश्वचषकाच्या यजमानपदासाठी अर्ज करताना सर्वांत स्वस्त तिकीट २१ डॉलरचं असेल असा अंदाज दिला होता. प्रत्यक्ष विक्री सुरू झाली ती ६० डॉलरपासून, मागणीप्रमाणे बदलणाऱ्या दराने. डिसेंबर २०२५मध्ये राष्ट्रीय संघटनांच्या वाट्याच्या तिकिटांचे दर बाहेर आले आणि न्यू जर्सीतल्या अंतिम सामन्याचं त्यातलं सर्वांत स्वस्त तिकीट निघालं ४,१८५ डॉलरचं. युरोपातल्या पाठीराख्यांच्या संघटनेने याला सरळ विश्वासघात म्हटलं. आठवडा पुरा व्हायच्या आत फिफाने, दोन्ही संघांच्या निष्ठावंत पाठीराख्यांसाठी प्रत्येक सामन्याची थोडी तिकिटं ६० डॉलरला देऊ, असं जाहीर केलं. आपल्याला नको झालेलं तिकीट फिफाच्याच संकेतस्थळावर विकायची सोय ठेवली गेली. त्यात विकणाऱ्याकडून १५ टक्के, घेणाऱ्याकडून १५ टक्के फिफाचे. इंग्लंड आणि वेल्समध्ये फुटबॉलचं तिकीट परवानगीशिवाय पुन्हा विकणं १९९४च्या कायद्याने गुन्हा आहे. मैदानाबाहेरच्या ब्लॅकवाल्याला पोलीस धरतात आणि त्याचा धंदा संस्था स्वतः करते.

गोव्याच्या लोकांनी याची चव घेतली आहे. आशियाई स्पर्धेत सौदी अरेबियाचा अल नस्र एफसी गोवाच्या गटात आला आणि सामना फातोर्ड्याला ठरला, २२ ऑक्टोबर २०२५ला. त्यांचा रोनाल्डो येणार या आशेवर अख्खं गोवा नाचलं. तिकीट नेहमीच्या सामन्याच्या कितीतरी पट. रोनाल्डो आलाच नाही. अल नस्रने २-१ असा सामना जिंकला, गोव्याचा एकुलता गोल ब्रायसन फर्नांडिसचा. मडगाव-वेर्ण्याकडचा जो माणूस एरवी पावसात भिजत आपल्या पोरांना ओरडून खेळवतो, त्याच्यासमोर दर ठेवला गेला तो न आलेल्या माणसाच्या नावाचा. ब्रायसनचा गोल त्याच्या हक्काचा होता.

या सगळ्यात विकलं नेमकं काय जातं, हे एकदाच स्वच्छ दिसलं होतं. जून २०२०मध्ये साथीच्या काळात प्रीमियर लीग रिकाम्या मैदानांवर पुन्हा सुरू झाली. बावीस माणसं धावतायत, बुटांचा आवाज येतोय, गोलकीपरची शिवी स्पष्ट ऐकू येतेय. खेळ तोच, खेळाडू तेच, पण बघवेना. वाहिन्यांनी उपाय काढला: व्हिडिओ गेम बनवणाऱ्या ईए स्पोर्ट्स कंपनीकडे साठवलेला प्रेक्षकांचा आवाज घ्यायचा आणि सामन्यावर चढवायचा. एक माणूस बटणं घेऊन बसायचा. चेंडू गोलजवळ गेला की गलका वाढवायचा, हुकला की हळहळ सोडायची. वर्षानुवर्षं तिकीट काढून आलेल्या माणसांनी ओरडून जे तयार केलं होतं, ते ध्वनिफितीतून पुन्हा विकायला आलं.

त्याच उन्हाळ्यात लिव्हरपूलने तीस वर्षांनी लीग जिंकली. २२ जुलैच्या रात्री चषक द्यायचा होता. मैदानाच्या मध्यावर नेहमीसारखा मंच न घालता क्लबने तो कॉपवर उभारला, खुर्च्यांच्या रांगांमध्ये. खेळाडू एकेक करून पायऱ्या चढून वर गेले. कर्णधार हेंडरसनने चषक उंचावला, चकचकीत कागदांचे तुकडे उडाले आणि लाल खुर्च्यांवर जाऊन बसले. माणसं बाहेर रस्त्यावर होती, दारं बंद होती. त्यांनी उडवलेले फटाके आत नुसते दिसत होते.